रोजचं फ्रेंच जेवण: पाव, सॅलड, चीज आणि त्यांचा क्रम

रेवती_क

फ्रेंच खाणं म्हटलं की मराठीत गप्पा क्रोसाँ, मॅकरॉन आणि महागड्या रेस्तराँपाशी थांबतात. फ्रान्समधल्या घरात मंगळवारी रात्री काय शिजतं, मुलं दुपारी चारला काय खातात, शाळेत ताटात काय पडतं, हे कुणी लिहीत नाही. तिकडे शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना पहिल्या महिन्यात नेमकं तेच अडतं. म्हणून हा धागा. कृती द्याल तर ग्रॅम आणि मिलिलिटरमध्ये द्या, आणि पदार्थ कुठे फसतो, का फसतो, तेही लिहा.

दिवसाच्या वेळापत्रकापासून सुरुवात करते.

सकाळचं खाणं गोड आणि थोडं. 'बागेत' या लांब, कडक सालीच्या पावाचा वीतभर तुकडा तोडायचा, उभा चिरायचा, आतल्या बाजूला लोणी आणि जॅम. ही तार्तीन. दूध घातलेली कॉफी बऱ्याच घरांत कान नसलेल्या मोठ्या वाडग्यात घेतात, कारण तार्तीन तीत बुडवायची असते. क्रोसाँ रोज नसतो, तो बहुतेक शनिवार-रविवारी बेकरीतून येतो. सकाळी तिखटमिठाचं काही खायची पद्धत नाही.

दुपारचं जेवण १२ ते २ च्या दरम्यान. मुलांसाठी चारच्या सुमारास गूते, म्हणजे पावात चॉकलेटची वडी, एखादं फळ, फळांचं कोंपोत (शिजवून मऊ केलेला गर). मोठी माणसं मधल्या वेळी सहसा खात नाहीत. रात्रीचं जेवण साडेसात ते साडेआठ, आणि ते दुपारपेक्षा हलकं: सूप, ऑम्लेट, सॅलड, दही.

जेवणाचा क्रम ठरलेला. आधी थंड भाजीचा छोटा पदार्थ (किसलेलं गाजर, बीट, मुळा-लोणी), मग मुख्य पदार्थ, मग हवं तर हिरवं पानांचं सॅलड, मग चीज किंवा दही, शेवटी फळ किंवा गोड. आपल्या ताटात सगळं एकदम वाढलेलं असतं. तिथे एक संपलं की दुसरं येतं. कामाच्या दिवशी पाचही टप्पे नसतात, दोन-तीनच असतात, पण त्यांचा आपसातला क्रम बदलत नाही. २०१० मध्ये युनेस्कोने फ्रेंच जेवणाची नोंद अमूर्त वारशात केली ती कुठल्या एका पदार्थासाठी नव्हती, या मांडणीसाठी आणि एकत्र बसून खाण्याच्या रीतीसाठी होती.

ल्योंकर

रेवतीताई, उत्तम विषय. बाहेर जेवताना लागणाऱ्या गोष्टी मी लिहितो.

१. स्वयंपाकघर दुपारी साधारण दोनला आणि रात्री साडेनऊ-दहाला बंद होतं. तीन वाजता गेलात तर पॅरिससारख्या मोठ्या शहरातल्या ब्रासरी (दिवसभर जेवण देणारी रेस्तराँ) सोडल्या तर गरम जेवण मिळणं कठीण. लहान गावात तर नाहीच.

२. फळ्यावर खडूने लिहिलेलं 'प्ला द्यु झूर' म्हणजे त्या दिवशीचा एक पदार्थ. 'फॉर्म्युल' म्हणजे ठरलेल्या किमतीत दोन टप्पे: पहिला आणि मुख्य, किंवा मुख्य आणि गोड. दुपारी यातच सगळ्यात चांगलं आणि स्वस्त जेवण मिळतं. छापील यादीतले सुटे पदार्थ घेतले की बिल सहज दीडपट.

३. जेवणाबरोबर नळाचं पाणी आणि पाव यांचे वेगळे पैसे लागत नाहीत, ते जेवणाच्या किमतीत धरलेले असतात. पाणी मागताना 'युन काराफ द'ओ' म्हणा. नुसतं पाणी म्हणालात तर बाटली येते आणि तिचे पैसे पडतात. सेवाशुल्कही छापील किमतीतच असतं. वर दोन-चार नाणी ठेवणं ऐच्छिक.

४. पाव बशीत ठेवत नाहीत, थेट टेबलावर ठेवतात. चावून तोडायचा नाही, हाताने घासाएवढा तुकडा मोडायचा. जेवणातल्या पावाला लोणी लावत नाहीत. मुळ्याबरोबर किंवा खाऱ्या माशांबरोबर चालतं, आणि ब्रिटनी या वायव्य फ्रान्समधल्या प्रांतात मीठ घातलेलं लोणी कशालाही चालतं. बशीतला रस पावाने पुसून घेणं घरात सर्रास चालतं.

५. कॉफी जेवणाबरोबर किंवा गोडाबरोबर येत नाही, गोड संपल्यावर येते. आणि ती काळी, छोट्या कपात. दुपारी जेवल्यावर दुधाची कॉफी मागितली तर देतील, पण तिथे ती सकाळची गोष्ट आहे.

आणखी एक. फ्रान्सच्या कामगार कायद्यात कामाच्या जागेवर जेवू देण्याला मनाई आहे. कोविडच्या काळात ती तात्पुरती सैल केली होती. डेस्कवर डबा उघडून कीबोर्डवर शितं सांडणं तिथे म्हणूनच विचित्र दिसतं. नव्या माणसाने दुपारी सगळ्यांबरोबर उठावं. ओळखी तिथेच होतात.

अनघा७

शाकाहारी माणसाने काय करायचं? 'फ्रान्समध्ये उपाशी राहशील' असं जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं जातं.

मृणाल_तुलूझ

अनघा, उपाशी कुणी राहत नाही, पण वेष्टन वाचायची सवय हवी.

मांस जिथे दिसत नाही तिथेही असतं. डुकराच्या मांसाचे छोटे तुकडे, लार्दों, हे सॅलडात, कीशमध्ये (अंडं-क्रीम भरून भाजलेला पदार्थ), मसुरात, बटाट्यात सगळीकडे. कीश लोरेनमध्ये ते असतातच. कांद्याचं सूप बहुधा गोमांसाच्या रसात केलेलं असतं. नैर्ऋत्येला बटाटे बदकाच्या चरबीत परततात. चॉकलेट मूस, तयार डेझर्ट, गोळ्या यांत 'झेलातीन' (जिलेटीन) शोधा. साध्या दह्यात ते नसतं.

चीजचा मुद्दा बऱ्याच जणांना माहीत नसतो. कॉन्ते, रोकफोर, नॉर्मंडीचं कॅमेम्बेअर, मो गावचं ब्री ही, नावं कायद्याने राखलेली चीज जनावराच्या जठरातून काढलेल्या विरजणाने, 'प्रेझ्युर'ने, बांधतात. घटकांच्या यादीत 'कोआग्युलाँ मिक्रोबियँ' (सूक्ष्मजीवांचं विरजण) किंवा 'व्हेजेताल' (वनस्पतीचं) लिहिलं असेल तर ते शाकाहारी. सुपरमार्केटमधल्या ताज्या चीजमध्ये आणि काही शेळीच्या चीजमध्ये असं मिळतं. जैविक मालाच्या दुकानात जास्त.

रेस्तराँत 'मी व्हेजेतारियँ आहे' एवढ्यावर थांबू नका, कारण मासे चालतात का हा प्रश्न पुढे येतोच. 'साँ व्यांद, नी प्वासों' (मांस नको, मासेही नकोत) म्हणा. मग लार्दों नको असतील तर 'साँ लार्दों'. क्रेपरी, म्हणजे गालेत या घावनासारख्या पदार्थाची दुकानं, हा सगळ्यात सोपा आसरा: अंडं-चीज-मश्रूम घालून ताजं करून देतात. फक्त तवा कशाने पुसतात ते विचारा. जुन्या पद्धतीत डुकराची चरबी वापरत, आता बऱ्याच ठिकाणी लोणी किंवा तेल.

मुलं शाळेत जाणार असतील तर २०१८ च्या एगालिम कायद्यामुळे शाळांच्या खानावळीत आठवड्यातून एक मांस-मासे नसलेलं जेवण द्यावंच लागतं. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये प्रयोग म्हणून सुरू झालं आणि २०२१ च्या कायद्याने कायम झालं. बाकी दिवशी चार-पाच भागांच्या जेवणातलं जे चालेल ते. शाळेच्या नियमांत पाणी आणि पाव हवा तेवढा, मीठ आणि केचप मात्र मुलांच्या हाती मोकळं द्यायचं नाही, हेही लिहिलेलं आहे.

पीठमळ्या

पावाबद्दल सविस्तर लिहितो, कारण या जेवणाचा पाया तोच आहे आणि भारतात त्याच नावाने जे विकतात ते बरेचदा लांबुळका मऊ ब्रेड असतो.

१३ सप्टेंबर १९९३ च्या आदेशाने 'पारंपरिक फ्रेंच पाव' या नावाखाली काय विकता येईल ते ठरवून दिलं: गव्हाचं पीठ, पाणी, मीठ, यीस्ट किंवा आंबवण. पिठात फार तर २ टक्के बाकल्याचं पीठ, ०.५ टक्के सोयापीठ, ०.३ टक्के मोड आलेल्या गव्हाचं माल्ट. रसायन कुठलंही नाही आणि करताना गोठवायचं नाही. बेकरीत 'युन त्रादिस्यों' मागितलं की हा पाव मिळतो. नुसती 'बागेत' म्हणालात तर साधा, थोडा स्वस्त. दोन्ही साधारण २५० ग्रॅमच्या. फरक चवीत लगेच कळतो, त्रादिस्योंचा गर पिवळसर आणि मोठ्या छिद्रांचा असतो. बागेत करण्याच्या कारागिरीची युनेस्कोने २०२२ मध्ये नोंद केली.

घरी करायची असेल तर (चार अर्ध्या बागेत, लहान ओव्हनसाठी):

मैदा ४५० ग्रॅम, दोनदा चाळलेली कणीक ५० ग्रॅम, पाणी ३४५ मिलि, मीठ ९ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट २ ग्रॅम. तेल, साखर, दूध काही नाही.

कणीक का? फ्रान्समध्ये पावाला ६५ क्रमांकाचं पीठ वापरतात. त्यात आपल्या मैद्यापेक्षा कोंड्याचा अंश जास्त असतो आणि त्यातच चव असते. मैदा घेताना पाकिटावर १०० ग्रॅममागे प्रथिनं १० ते ११ ग्रॅम आहेत ना ते बघा. ९ च्या खाली असेल तर पाणी ३२० मिलिवर आणा, नाहीतर पीठ पसरतं.

पीठ आणि पाणी नुसतं कालवून ३० ते ४० मिनिटं झाकून ठेवा. रेमों काल्व्हेल या बेकरी-शिक्षकाने १९७४ मध्ये मांडलेली ही पायरी आहे. पीठ पाणी पितं, ग्लुटेन आपोआप जुळू लागतं आणि मळायला निम्मा वेळ लागतो. मग यीस्ट, दोन मिनिटांनी मीठ, आणि पाच-सहा मिनिटं मळणं. पुढे दर अर्ध्या तासाने एकदा, असं तीन वेळा, ओल्या हाताने चारी बाजूंनी घड्या घाला. नंतर डबा फ्रिजमध्ये १२ ते १८ तास.

आपल्याकडे पाव बिघडतो तो बहुधा तापमानाने. मळून झालेला गोळा २४ अंशांचा हवा. मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात पीठच ३० च्या वर असतं, म्हणून पाणी १५ ते १८ अंशांचं घ्या. नळाच्या पाण्याने मळलं तर गोळा २९-३० वर जातो, दोन तासांत फुगून बसतो, आणि पावाला यीस्टचा वास येतो, गव्हाचा नाही.

दुसऱ्या दिवशी २१० ग्रॅमचे चार भाग, सैल वळून २० मिनिटं विश्रांती, मग लांब वळणं: चपटं करा, वरची कड मध्यापर्यंत दुमडून तळहाताच्या टाचेने दाबा, फिरवून दुसरी बाजू तशीच, मग शेवटची घडी घालून जोड बंद. सुती फडक्यावर भरपूर पीठ भुरभुरून, जोड वर ठेवून ४० ते ५० मिनिटं. उन्हाळ्यात ३० पुरतात. बोटाने हलकं दाबल्यावर खळगा सावकाश आणि अर्धाच भरून आला की वेळ झाली.

ओव्हन २४० ते २५०. ब्लेडने तिरक्या चिरा, ब्लेड जवळजवळ आडवं धरून, पाच मिलिमीटर खोल. पहिल्या चिरेचा शेवटचा तिसरा हिस्सा दुसरीच्या सुरुवातीला समांतर यायला हवा. पहिली १० मिनिटं वाफ, एकूण २० ते २२ मिनिटं.

चिरा उघडल्या नाहीत तर तीन कारणं: वरची कातडी सुकली होती, पाव जास्त फुगला होता, किंवा वाफ कमी पडली. रंग फिका राहिला तर ओव्हन थंड, किंवा आंबवण इतकं लांबलं की पिठातली साखर संपली. कवच तासाभरात मऊ पडलं तर पाव कच्चा काढलाय. पावसाळ्यात शेवटची पाच मिनिटं ओव्हन बंद करून दार थोडं उघडं ठेवा, आतली वाफ निघून जाते. आणि पाऊण तास तरी कापू नका, गरम गर चिकट होतो.

सायली_नाशिक

ओटीजीत वाफ कशी आणायची? वरची कॉइल उघडी आहे, पाणी उडालं तर भीती वाटते.

पीठमळ्या

भीती रास्त आहे. कॉइलवर किंवा गरम काचेवर पाणी उडू देऊ नका. दोन उपाय. एक, खालच्या कप्प्यात जुना जाड ट्रे सुरुवातीपासून तापत ठेवा आणि पाव आत सरकवल्यावर त्यात लांब नळीच्या भांड्याने १०० मिलि उकळतं पाणी ओता. काचेवर कोरडं फडकं टाकून ओता आणि दार लावण्याआधी ते काढा. दुसरा आणि जास्त खात्रीचा, पावांवर स्टीलचा खोल ट्रे पालथा घाला. पावातूनच निघणारी वाफ आत अडकते. दहा मिनिटांनी ट्रे काढा. ओटीजी २३० वरच थांबत असेल तर पाव तीन-चार मिनिटं जास्त ठेवा.

मोहोर

आता पहिल्या टप्प्याकडे या. त्याचा जीव व्हिनेग्रेतमध्ये, म्हणजे तेल-व्हिनेगरच्या कालवणात आहे, आणि बाटलीतलं ड्रेसिंग घेण्याची गरज खरोखर नाही.

चौघांसाठी: दिजोंची मोहरी (बरणीत मिळणारी, वाटलेली) १ लहान चमचा, वाइनचं व्हिनेगर १ मोठा चमचा (१५ मिलि), मीठ २ चिमटी, तेल ३ मोठे चमचे (४५ मिलि), मिरपूड. मीठ आधी व्हिनेगरमध्ये विरघळवा, कारण तेलात ते विरघळत नाही आणि दाताखाली खडा येतो. मग मोहरी, मग तेल बारीक धारेने ढवळत. मोहरीच्या टरफलातला चिकट अंश तेल-व्हिनेगरला धरून ठेवतो. फाटलं तर दुसऱ्या वाटीत अर्धा चमचा मोहरी घेऊन त्यात फाटलेलं थेंबाथेंबाने ढवळा, परत जुळतं. आपल्याकडचं सिंथेटिक व्हिनेगर फार बोचरं असतं. त्यापेक्षा लिंबाचा रस बरा.

दिजोंच्या मोहरीचं बी म्हणजे आपली तांबूस-काळी मोहरीच, ब्रासिका जुन्सिया. फ्रान्स हे बी मोठ्या प्रमाणात कॅनडातून आणतं. तिथे २०२१ मध्ये दुष्काळ पडला आणि २०२२ मध्ये फ्रेंच दुकानांत मोहरीच्या बरण्यांचे कप्पे रिकामे झाले. घरी करायची तर ५० ग्रॅम मोहरी ६० मिलि थंड पाण्यात रात्रभर भिजवा, वाटा, दहा मिनिटं तशीच राहू द्या, मग ३० मिलि व्हिनेगर आणि ४ ग्रॅम मीठ घालून गाळणीतून दाबून काढा. मोहरी फेसताना झणका येतो तो थंड पाण्यात वाटल्यानंतर; आंबट त्याला तिथेच स्थिर करतं. गरम पाणी वापरलं तर झणका तयारच होत नाही. पहिले दोन दिवस कडू लागते, तिसऱ्या दिवसापासून वापरा.

काय कशाला लावायचं: गाजराचा कीस ५०० ग्रॅमला लिंबूरस २० मिलि, तेल ३० मिलि, मीठ, चिरलेली पार्सली. आपल्या कोशिंबिरीसारखंच, पण फोडणी, साखर, दाण्याचं कूट नाही. बारीक किसणी हवी, जाड कीस रस पीत नाही. उकडलेलं बीट, वाफवलेले लीक (कांद्याच्या जातीची जाड, लांब भाजी), उकडलेलं अंडं, सगळ्यांना हेच व्हिनेग्रेत.

हिरव्या पानांचं सॅलड मात्र मुख्य पदार्थानंतर. पानं पूर्ण कोरडी हवीत. ओल्या पानावरून तेल घसरतं आणि सगळं बुडाशी साचतं. धुतलेली पानं पंच्यात बांधून झटकली तरी काम होतं. व्हिनेग्रेत भांड्याच्या तळाशी, वर पानं, आणि वाढायच्या क्षणी कालवायचं. मीठ लागून दहा मिनिटं गेली की पानं माना टाकतात.

चैतन्य_रेन

मृणालने क्रेपरीचा उल्लेख केलाय म्हणून गालेतची कृती. ब्रिटनीतली ही गालेत ब्ले न्वारची, म्हणजे आपल्याकडे ज्याला कुट्टू म्हणतात त्याची. नवरात्राच्या आसपास उपवासाच्या पिठांत मिळतं. ताजंच घ्या, हे पीठ लवकर खवट होतं आणि खवट कुट्टू पोट बिघडवतो.

कुट्टूचं पीठ २५० ग्रॅम, खडेमीठ ७ ग्रॅम, थंड पाणी ५६० मिलि, अंडं १ (नको असेल तर तेवढंच पाणी, ५० मिलि).

आधी फक्त २५० मिलि पाणी घालून घट्ट पीठ चार-पाच मिनिटं लाकडी डावाने जोरात फेटा. मग उरलेलं पाणी हळूहळू. फ्रिजमध्ये किमान दोन तास, रात्रभर ठेवलं तर उत्तम. कुट्टूत ग्लुटेन नसतं, त्यामुळे पीठ जुळून येतं ते भिजल्यानेच. घाई केली की उलथनं लावताच फाटतं. पहिल्यांदा करणाऱ्यांनी ५० ग्रॅम कुट्टूऐवजी ५० ग्रॅम मैदा घातला तर हात बसेपर्यंत सोपं जातं.

तिथे 'बिलिग' नावाचा सपाट बिडाचा तवा २२० ते २३० अंशांवर ठेवतात. घरी बिडाचा डोशाचा तवा चालतो, नॉनस्टिक नको, तो एवढा तापवायचा नसतो. लोणी लावलेल्या फडक्याने तवा पुसा, ९० मिलि पीठ घाला, लाकडी टी-आकाराच्या 'रोझेल'ने मनगट फिरवत पसरवा. ज्यांना घावन आणि डोसा येतो त्यांना पीठ ओतताक्षणी जाळी पडली की तवा बरोबर तापलाय हे सांगायला नको. जाळी पडली नाही तर तवा थंड किंवा पीठ घट्ट. पीठ रोझेलबरोबर गोळा होऊन ओढलं जात असेल तर तवा जास्त तापलाय.

कड सुटली की उलटा, बोटाएवढं लोणी, मधे अंडं फोडून पांढरं पसरवा, भोवती ३० ग्रॅम किसलेलं चीज, चारी कडा आत दुमडून चौकोन. पिवळा बलक वर दिसायला हवा. बरोबर तिथे सफरचंदाची सायडर वाडग्यात घेतात, किंवा 'ले रिबो'. ले रिबो म्हणजे ताक, थोडं दाट. आपलं बिनमसाल्याचं घट्ट ताक याच्याबरोबर अगदी चोख बसतं.

अनघा७

चैतन्य, कुट्टू हिमालयातला थोडा कडू असतो, तो चालेल का?

चैतन्य_रेन

कडू असतो ती वेगळी जात, तार्तारी. तिची गालेत होते, पण कडवटपणा चीजलाही झाकत नाही. पिठाचा रंग हिरवट-पिवळा असेल तर ती बहुधा तीच. राखाडी, काळे ठिपके असलेलं पीठ घ्या.

ल्योंकर

बटाट्याचा ग्रातँ दोफिन्वा इथे यायलाच हवा, रविवारच्या भाजलेल्या कोंबडीबरोबर तो ठरलेला असतो. १ किलो बटाटे, दूध ५०० मिलि, क्रीम २५० मिलि, मीठ १० ग्रॅम, एक लसणीची पाकळी, जायफळ. बटाटे सोलून धुवा, पण काप केल्यावर धुऊ नका. वरचं स्टार्चच दूध दाट करतं. ३ मिलिमीटरचे काप दूध-मीठ-जायफळात मंद आचेवर दहा मिनिटं. लसूण चोळलेल्या भांड्यात रचून वर क्रीम. १६० अंशांवर ५० ते ६० मिनिटं. वर किसलेलं चीज.

मृणाल_तुलूझ

ल्योंकर, चीज नको! दोफिन्वात चीजही नाही आणि अंडंही नाही. चीज आणि दुधाऐवजी मांसरस घातला की तो साव्ह्वाचा ग्रातँ होतो, तो वेगळा पदार्थ. आणि १८० च्या वर नेलं तर क्रीम फुटून वर तूप तरंगतं, हेही लिहायला हवं होतं. बाजारात तयार मिळणारं २५ टक्के स्निग्धांशाचं क्रीम तर लवकर फुटतं. फ्रान्समधलं पूर्ण सायीचं क्रीम किमान ३० टक्क्यांचं असतं.

ल्योंकर

बऱ्याच घरांत वर चीज भुरभुरतात हे खरं, पण मूळ कृतीबद्दल तुमचं बरोबर आहे. धाग्यात मूळच राहू दे: चीज वगळा.

मोहोर

मसूर राहिला. ल प्युईचा हिरवा मसूर (१९९६ पासून हे नाव कायद्याने राखलेलं) मिळाला तर उत्तम, नाहीतर आपला अख्खा मसूर. २५० ग्रॅम, न भिजवता, ७५० मिलि थंड पाण्यात. एक गाजर, दोन लवंगा टोचलेला कांदा. कुकर अजिबात नको, शिट्टीला साल फुटते. उघड्या भांड्यात मंद आचेवर प्युईचा २५ मिनिटं, आपला १८ ते २० मिनिटं. मीठ शेवटच्या पाच मिनिटांत. फ्रेंच कृतीत लॉरेलचं पान असतं. आपलं तमालपत्र वेगळ्या झाडाचं आणि दालचिनीच्या चवीचं, ते घालू नका. निथळून गरम असतानाच व्हिनेग्रेत आणि बारीक कांदा. गार झाल्यावर घातलं तर मसूर ते शोषत नाही. तिथे हा बहुधा खारवलेल्या डुकराच्या मांसाबरोबर शिजतो, पण सॅलड म्हणून एकटाही पूर्ण आहे.

रात्रीचं सूपही लिहून टाकते: लीकचा पांढरा भाग ४०० ग्रॅम, बटाटे ४०० ग्रॅम, लोणी ३० ग्रॅम, पाणी १ लिटर, मीठ ८ ग्रॅम. लीक उभा चिरून पाकळ्या उघडून धुवा, आत माती असतेच. लोण्यात झाकून दहा मिनिटं, रंग येऊ न देता. मग बटाटे आणि पाणी, वीस मिनिटं. मिक्सर लावू नका, बटाट्याची खळ होते. फ्रेंच घरांत हाताने फिरवायचं गाळणीयंत्र असतं. आपलं पुरणयंत्र तेच काम करतं, बारीक जाळी लावा.

रेवती_क

पुरणयंत्राची सूचना फार उपयोगी. चीजचं ताट कसं कापायचं यावर कुणी लिहील का? पाहुणे म्हणून गेल्यावर तिथेच गोंधळ होतो.

मृणाल_तुलूझ

ताट तुमच्यापर्यंत येईल तेव्हा नियम एकच: प्रत्येकाच्या वाट्याला मधला भागही यावा आणि कडेची सालही. कॅमेम्बेअरसारखं गोल असेल तर केंद्रापासून केकसारखी फोड. ब्रीची तिकोनी फोड असेल तर तिचं टोक कधीही कापून घेऊ नका. टोक म्हणजे चक्राचा मध्य, तो सगळ्यांना थोडाथोडा मिळायला हवा. लांबीच्या बाजूने पातळ काप घ्या. शेळीच्या चीजची नळी असेल तर चकत्या. रोकफोरचा निळा भाग मध्यात जास्त असतो, म्हणून पंख्यासारखे काप. कॉन्तेची फोड आधी सालीला समांतर दोन-तीन पट्ट्या, सालीजवळ आलं की आडवे काप.

दोन-तीन प्रकार घ्या, थोडेथोडे, सौम्यापासून तिखटाकडे खा. ताट सहसा एकदाच फिरतं, दुसऱ्यांदा मागत नाहीत. यजमान असाल तर तासभर आधी फ्रिजमधून काढा. गार चीजला वास नसतो आणि वासाशिवाय चवही नसते. रोज रात्री घरात मात्र एवढं काही नसतं: एक चीज, पाव, किंवा १२५ ग्रॅमचं साध्या दह्याचं भांडं, वर चमचाभर साखर.

सायली_नाशिक

पीठमळ्या, त्या चार बागेतपैकी दोन दुसऱ्या दिवशी दगड होतात. टाकायच्या का?

पीठमळ्या

टाकायच्या नाहीत. फ्रेंच घरात कडक पावासाठी पदार्थ ठरलेलेच असतात.

पँ पेर्द्यु: कडक पावाचे २०० ग्रॅम, २ सेंटिमीटर जाड काप. ३०० मिलि दूध, ४० ग्रॅम साखर, चिमूट मीठ. काप दुधात प्रत्येक बाजूने मिनिटभर, खूप कडक असेल तर तीन मिनिटं. मग फेटलेल्या दोन अंड्यांत बुडवून मध्यम आचेवर लोण्यात प्रत्येक बाजू तीन मिनिटं. ताजा पाव वापरलात तर तो दुधात विरघळतो, म्हणून कडकच हवा. आच मोठी ठेवली तर वरची साखर जळते आणि आत कच्चं अंडं राहतं.

कांद्याच्या सुपाला हाच पाव: १ किलो कांदे ३ मिलिमीटरचे उभे काप, ६० ग्रॅम लोणी, चिमूटभर मीठ, मंद आचेवर ४५ मिनिटं. आपण भाजीला परततो तसं मोठ्या आचेवर करू नका, कडा करपतात आणि सूप कडू होतं. तपकिरी झाले की एक मोठा चमचा मैदा, मिनिटभर परतून दीड लिटर भाज्यांचा रस, वीस मिनिटं उकळी. पावाचे काप १६० अंशांवर दहा मिनिटं सुकवून वर ठेवा, नुसते कडक चालत नाहीत, ओले होऊन बुडतात. वर १५० ग्रॅम किसलेलं कॉन्ते किंवा ग्रुयेर, आणि ग्रिलखाली चीजवर तपकिरी डाग पडेपर्यंत.

उरलेला भुगा डब्यात भरून ठेवा. भाजलेल्या टोमॅटोवर लसूण-पार्सलीबरोबर घालायला लागतो. पूर्ण कोरडा असेल तर महिनाभर टिकतो.